रातपाळीच्या घरातला अभ्यास

ज्या आठवड्यात बाबांची रातपाळी असे, त्या आठवड्यात आमच्याकडे सकाळी कुकर लागत नसे. शिट्टीने बाबांची झोप मोडेल म्हणून आई डाळ उघड्या पातेल्यात शिजत ठेवी, आणि आमची शाळेला निघायची वेळ होईपर्यंत ती शिजेलच याची खात्री नसे. शाळा दुपारची होती. दाताखाली कचकच लागणारी डाळ भातावर घेऊन ताई आणि मी कितीतरी वेळा शाळेत गेलो. ‘कितीतरी’ हा शब्द लिहायला मला आवडत नाही, पण नक्की आकडा आठवत नाही आणि अंदाजाने एखादा टाकून द्यायचा माझा स्वभाव नाही.

आम्ही अंबरनाथला, मोरिवलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका चाळीत राहत होतो. ऐंशीच्या दशकाची अखेरची वर्षे. एक खोली, तिच्यातच पडदा लावून केलेले स्वयंपाकघर आणि पुढे सिमेंटचा ओटा. बाबा एका कारखान्यात प्रेसखात्यात होते. पत्र्याचे तुकडे साच्यात दाबून त्यांचे भाग काढायचे, हे काम. पाळी दर आठवड्याला बदले: पहिली, दुसरी, रात. रातपाळीहून बाबा सकाळी येत, अंघोळ करत, चहा-भाकरी घेत आणि भिंतीकडे तोंड करून आडवे होत. तिथून आम्ही शाळेत जाईपर्यंत घरात कुणी बोलायचे नाही, असा नियम होता. तो कुणी सांगितलेला मला आठवत नाही. मला समजू लागले तेव्हा तो होताच.

आईने या नियमाची शिस्त फार पुढे नेली होती. दाराच्या कडीला तिने चिंधी गुंडाळली होती. भांडी घासून झाली की ती जुन्या सतरंजीच्या घडीवर पालथी घालायची, फरशीवर नाही. फोडणी ती ओट्यावर स्टोव्ह नेऊन द्यायची. ताई आणि मी हातवारे करून बोलायला शिकलो होतो. पेन्सिल हवी असेल तर अंगठा आणि बोट चोळायचे, पाणी हवे असेल तर मूठ तोंडाशी न्यायची, आणि एकमेकींना चिडवायचे असेल तर त्याचेही हातवारे होते. ते आईलाही कळत, पण ओरडता येत नसल्यामुळे ती नुसते डोळे वटारायची.

मोरिवलीहून भाजीची पाटी घेऊन एक म्हातारी यायची. सगळ्या चाळीत तिचा खणखणीत आवाज फिरायचा, पण आमच्या ओट्यापाशी आली की ती पाटी उतरवून आधी कुजबुजत विचारायची, “काय गो बाय, रातपाली हाय का दादल्याची?”

आईने मान हलवली की ती भावही कुजबुजत सांगायची. शेजारच्या काकू कोकणातल्या, तोंडाने फटकळ. त्या एकदा आईला म्हणाल्या, “तुमच्याकडे माणसं राहतात की सावल्या? माझ्याकडे बघा, दिवसभर नुसता बाजार.”

“तुमचे साहेब ऑफिसात जातात, काकू,” आई म्हणाली. “आमच्याकडचं तसं नाही.”

तसे का नाही, हे आईने आम्हाला एकदाच सांगितले होते. लग्न होऊन ती साताऱ्याकडून इथे आली त्याच वर्षी बाबांच्या खात्यातल्या एका कामगाराची दोन बोटे प्रेसखाली गेली. त्याची बायको आईला म्हणाली होती की घरात तान्हे मूल होते, रात्री काम आणि दिवसा रडणे, माणसाला झोपच नव्हती. आईने ते मनात धरले. झोप झाली नाही की बोट जाते. आमच्या घरातली शांतता ही बाबांच्या बोटांसाठी होती. एवढे एकदा कळल्यावर मोठ्याने हसावे असेही मनात येत नसे.

आई जीन्सचे धागे कापण्याचे काम आणायची, ते याच हिशेबाने. उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमध्ये एका सिंधी शेठच्या कारखान्यातून शिवून झालेल्या पँटींची गाठोडी ती शेअर रिक्षाने घेऊन यायची आणि शिलाईची लोंबती टोके कात्रीने कापून परत द्यायची. मी तिच्याबरोबर जात असे, कधीकधी ताईही. शेठ तिला म्हणायचे, “भाभी, मशीन देता हूं, सिलाई ले जाओ. धागे में क्या मिलेगा?”

“मशीन नको शेठ, आवाज होता है.”

“अरे, मशीन आवाज नहीं करेगी तो क्या भजन करेगी?”

सगळे शिलाईवाले हसायचे. आईसुद्धा हसायची आणि धाग्यांचेच गाठोडे उचलायची.

आता अभ्यासाचे. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिला मोठ्याने वाचल्याशिवाय काही लक्षात राहत नसे. धडा एकदा खड्या आवाजात वाचला की तो तिचा झाला, पण तोच धडा मनात वाचला तर पान उलटेपर्यंत मागचे पुसले जाई. माझे उलटे होते. मी गणितात रमायची, आणि गणित हा आवाज न करणारा विषय आहे. पाटी-पेन्सिलचाही आवाज होतो म्हणून मी लवकरच कागदावर आले. मी गणितात हुशार होते असे शाळेत म्हणत. मला स्वतःला वाटते की आमच्या खोलीत तेवढाच एक विषय नीट करता येत होता, आणि मी तो केला. पुढे नोकरीही हिशेबाचीच मिळाली. त्या खोलीऐवजी दुसरी खोली असती तर मी कोण झाले असते, हे मला सांगता येणार नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या पाळीच्या आठवड्यांत ताई वाचून घ्यायची. तीन आठवड्यांतले दोन तिच्या वाट्याला यायचे आणि तेवढ्यात तिचे भागायचे. आठवीपर्यंत ती वर्गात कधी फार वर नव्हती, पण नापासही कधी झाली नाही.

ती नववीत गेली तेव्हा बाबांनी कारखान्यात अर्ज देऊन कायमची रातपाळी मागून घेतली. घरी येऊन त्यांनी एवढेच सांगितले, “आता वर्षभर रातपाळीच. साहेबांनी मंजूर केलं.” आईने कारण विचारले नाही. रातपाळीचा भत्ता मिळतो, मुली मोठ्या होतायत, असे तिने स्वतःच समजून घेतले. बाबांना कुणी कारण विचारत नसे. ते रागीट होते म्हणून नव्हे, ते बोलतच कमी. आणि बोलले की मोठ्याने बोलत, कारण प्रेसखात्यात वर्षानुवर्षे काढून त्यांना ऐकू जरा कमी येऊ लागले होते.

त्या वर्षी ताईचा आवाज बंद झाला. ती रोज सकाळी पुस्तक घेऊन बसायची, ओठ हलवायची, बोट ओळीखाली फिरवायची. शेजारी बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. संध्याकाळी शाळेतून आलो की ते उठलेले असत, पण मग पाणी भरणे, धागे कापणे, जेवण, त्यांचा डबा, आणि चाळीचा सगळा गोंगाट. सहामाहीत ताई इतिहास-भूगोलात गेली आणि विज्ञानातही गेली. दुसऱ्या चाचणीत मराठीही काठावर आले.

आमच्या शाळेत नववीची एक वेगळीच भीती होती. दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून शाळा कच्च्या मुलांना नववीतच बसवून ठेवत असे. नववीत बसलेली मुलगी पुढच्या जूनला परत त्याच बाकावर आली, असे क्वचितच घडे. बहुतेक जणी मग घरीच राहत, नाहीतर कॅम्पात काज-बटणाला जात. ताईच्या पुढच्या वर्गातली एक आदल्या वर्षीच अशी गेली होती आणि जीन्सच्या कारखान्यात आम्हाला भेटायची. ताईला पाहून ती म्हणायची, “ये ये, माझ्या शेजारची जागा ठेवलीय तुला.” ती थट्टेनेच म्हणायची, पण ताई त्यानंतर कॅम्पात यायची बंद झाली. मला एकटीला ताई म्हणाली, “मी नापास झाले ना, तर मला धागेच कापायला बसवतील.” मलाही तसेच वाटत होते.

फेब्रुवारीत वर्गशिक्षिकेने पालकांना बोलावले. आई म्हणाली, तुम्हीच जा, मला बाई काय बोलतात ते कळणार नाही. बाबा रात्रभर काम करून आले होते. न झोपता त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आम्हा दोघींबरोबर शाळा भरायच्या आधी शाळेत आले. मला वर्गात जायचे होते, पण कुणी जा म्हणाले नाही म्हणून मीही शिक्षकांच्या खोलीत उभी राहिले.

बाई वयाने बऱ्याच मोठ्या होत्या, आवाज करडा. त्यांनी सरळ सांगितले, “हे असंच राहिलं तर मला हिला नववीतच बसवावं लागेल. आणि मला त्यात आनंद नाही. वर्गात विचारलं की ही उत्तरं देते. पेपरात कोरी. घरी अभ्यास करते की नाही?”

“करते की,” बाबा म्हणाले. खोलीतल्या दोन-तीन शिक्षकांनी त्यांच्या आवाजाने माना वर केल्या. “रोज सकाळी बसतात दोघी. घरात एक आवाज होत नाही, बाई. टाचणी पडली तर ऐकू यावी.”

बाईंनी इतिहासाचे पुस्तक उघडून ताईपुढे ठेवले. “हे पान वाच. मोठ्यानं.”

ताईने वाचले. पहिल्या दोन ओळी घोगऱ्या आल्या, मग नीट. बाईंनी पुस्तक मिटले आणि त्यातले चार प्रश्न विचारले. ताईने चारही प्रश्नांची उत्तरे दिली, एकाचे तर पुस्तकातल्याच शब्दांत.

“मग घरी असंच का वाचत नाहीस?”

ताईने मिटलेल्या पुस्तकाकडे पाहिले.

“मी तुला विचारतेय.”

“बाबा झोपलेले असतात,” ताई म्हणाली.

बाबांना ते नीट ऐकू आले नाही. “काय म्हणाली?”

बाईंनी ते मोठ्याने सांगितले. बाबा ताईकडे बघतच राहिले. “माझ्या झोपेचा काय संबंध? शांतता तुमच्या अभ्यासासाठी आहे.”

“आमच्या?” ताईचा आवाज चढला. “आम्ही तुमच्यासाठी गप्प बसतो, बाबा. आई म्हणते झोप झाली नाही की प्रेसमध्ये बोट जातं.”

बाबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिले नाही, पण टेबलावरचे हात त्यांनी मांडीवर घेतले. मग ते बाईंना म्हणाले, “रातपाळीच्या आठवड्यात या दोघी पुस्तकं घेऊन गपचूप बसायच्या. बाकीच्या दिवशी नुसती बडबड, हिचं वाचन म्हणजे तर आरडाओरडा. मला वाटलं, मी सकाळी घरात झोपलो की घर अभ्यासाचं होतं. म्हणून वर्षभराची रातपाळी मागून घेतली. नववी, दहावी, दोन वर्षं काढू म्हटलं.”

“आणि झोप लागते का तुम्हाला?” बाईंनी विचारले.

“कुठली? घर गप्प झालं की कानात प्रेस सुरू होतो. धाड धाड, थांबतच नाही. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मशीनच्या आवाजात मला दहा मिनिटांत झोप लागते. घरी नुसता पडून राहतो. हललो तर मुलींचं लक्ष जाईल, म्हणून कूससुद्धा बदलत नाही.”

मला हसू आले, आणि बाईंनी माझ्याकडे असे पाहिले की ते परत गेले. पण त्यांच्याही ओठांचे काहीतरी झाले होते. त्या म्हणाल्या, “परीक्षेला दोन महिने आहेत. उद्यापासून हिनं मोठ्यानं वाचायचं. आणि तुम्ही झोपायचं. दोन्ही एकाच खोलीत.”

संध्याकाळी आम्ही शाळेतून आल्यावर बाबांनी हे आईला सांगितले, तेव्हा ती आधी घाबरली. “आणि तुमच्या हाताला काही झालं म्हणजे?”

“आजवर जे काही झालं नाही ते न झोपता झालं नाही,” बाबा म्हणाले. “आता जरा झोपून बघतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई भूगोल घेऊन बसली. वाचायला तोंड उघडले आणि आवाजच निघेना. इतक्या महिन्यांची सवय. ती कुजबुजत वाचू लागली. भिंतीकडे तोंड केलेले बाबा ओरडले, “मला ऐकू येत नाही!” मग तिने वाचले. अर्धे पान झाले नाही तोच शेजारच्या काकू दारात हजर.

“काय झालं? कुणाचं भांडण?”

“भांडण नाही, भूगोल आहे,” आई म्हणाली.

काकू आत डोकावल्या. धड्यातले पृथ्वीचे वारे जोरात वाहत होते आणि बाबा घोरत होते. आईने पदर तोंडाला लावला. ती हसते आहे की रडते आहे, हे मला नक्की सांगता येत नाही, म्हणून सांगत नाही. एवढे आठवते की तिने उठून कुकर काढला.

पुढचे दोन महिने आमच्या खोलीत रोज सकाळी शाळा भरली. ताई थांबली की बाबांची झोप मोडे. “का थांबलीस?” ते विचारत, आणि ती पाणी पीत असली तरी घाईने पुढची ओळ घेई. बाबांनी तिचे किती ऐकले आणि किती झोपले हे कळायला मार्ग नव्हता, पण त्यांच्या डोळ्यांची लाली हळूहळू गेली. भाजीवाली म्हातारी एकदा ओट्यावर बसून इतिहासाचा अख्खा धडा ऐकून गेली आणि आईला म्हणाली, “पोरगी बरी वाचते गो. पन त्या राजाचा पुढं काय झाला ता सांगलाच नाय.” धडा तिथेच संपत होता.

यात एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नाही. माझे गणित बिघडले. ताई शेजारी खड्या आवाजात नद्या सांगत असताना मला गुणाकारातला हातचा धरता येईना. मी आईकडे तक्रार केली. ती म्हणाली, “आता हिचे दोन महिने, मग बघू.” मी वही घेऊन ओट्यावर बसू लागले. ऊन सरकेल तशी मीही सरकायची. एका घरात एकीला आवाज लागतो, दुसरीला शांतता, आणि खोली एकच. यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, ओटा होता. आज बदलापूरला माझ्या घरी खोल्या जास्त आहेत, तरी मुलांपैकी कुणाला कुठे बसवायचे हे मी त्यांनाच विचारते. शाळेच्या सूचनापत्रकात ‘मुलांना अभ्यासासाठी शांत जागा द्यावी’ असे छापलेले असते. ते बहुतेकांना लागू पडत असेल. ताईला लागू पडले नसते.

वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये झाली. पेपरांच्या दिवसांत ताई घरी येऊन काही सांगत नसे, आणि बाबा विचारत नसत. आई रोज देवापुढे उभी राही, तेवढाच फरक. निकालाच्या दिवशी मी ताईबरोबर गेले. बाईंनी प्रगतिपुस्तक देताना तिला एकच वाक्य सांगितले, “गणिताला बहिणीकडे बस.” इतिहास, भूगोल, मराठी तिन्ही चांगले आले होते, विज्ञान बरे होते, गणित वाढीव गुण देऊन वर काढले होते. खाली शेरा होता, ‘इयत्ता दहावीत बढती’. ताईने तो दोनदा वाचला, दोन्ही वेळा मोठ्याने. मागच्या मुली हसल्या.

घरी बाबा नुकतेच आडवे झाले होते. ताई दारातूनच ओरडली, “बाबा, दहावीत गेले!”

बाबा उठून बसले. प्रगतिपुस्तक हातात घेऊन त्यांनी एकेका विषयाचे गुण पाहिले, गणितापाशी थांबले आणि पुस्तक आईकडे दिले. आई ते उलटे धरून बघत राहिली. मी ते सुलटे करून दिले.

“सोमवारी साहेबांना सांगतो,” बाबा म्हणाले, “आता मला पहिल्यासारख्या पाळ्या द्या.”

ताई दचकली. “पण आता तर दहावी आहे. रातपाळीच राहू द्या ना, मी रोज वाचीन.”

“दहावी तुझी आहे,” बाबा म्हणाले. “मी तीनांतले दोन आठवडे तरी रात्री झोपेन आता. माणसं झोपतात तसा.”

“आणि तुमच्या कानातला प्रेस?”

ते परत आडवे होत म्हणाले, “ते रात्रीचं रात्री बघू. आत्ता काहीतरी वाच.”

“काय वाचू? नववीची पुस्तकं तर पुस्तकपेढीची, परीक्षा झाल्यावर शाळेत जमा केली.”

आईने कपाटावरून किराण्याच्या पुड्यांचा जमवलेला रद्दी कागद काढून दिला. ताई ओट्याकडे पाठ करून बसली आणि कुठल्यातरी जुन्या दिवसाचे बाजारभाव वाचू लागली. गहू, ज्वारी, तूरडाळ. ज्वारीपाशी बाबा घोरू लागले. तिने तूरडाळही वाचली आणि कागद संपेपर्यंत वाचत राहिली.